कान पुढे, पाय मागे

पत्र थोडक्यात असे आहे:

"ताई, माझे वय ४७ आहे. मी ठाण्याला नौपाड्यात राहते आणि वाशीला नोकरी करते. माझी १६ वर्षांची मुलगी गेली ८ वर्षे कथक शिकते आहे. यंदा ती मध्यमा पूर्ण या परीक्षेला बसणार आहे. ही ८ वर्षे मी तिच्या वर्गाबाहेरच्या जिन्यावर बसून काढली आणि आतले बोल मला पाठ झाले. लहानपणी मी कधी नाचले नाही, आमच्याकडे ते चालत नसे. आता मला शिकायचे आहे. तिच्याच वर्गात नाव घालते असे म्हटल्यावर मुलगी रडू लागली आणि 'आई, तिथे नको' म्हणाली. यजमान म्हणतात, गुडघे गेले तर कोण बघणार? सासूबाई विरोध करत नाहीत, पण त्यांनी भजनी मंडळाचा विषय दोनदा काढला. धीर करून मी दुसऱ्या एका वर्गात तीनदा गेले. तिथे मला लहान मुलींच्या मागच्या रांगेत उभे केले. तिसऱ्या दिवशी एक चिमुरडी मला म्हणाली, 'काकू, तुमचा पाय उलटा पडतोय.' चौथ्या दिवशी मी गेले नाही. मला उशीर झाला आहे का? – नौपाड्याची एक आई"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नृत्य शिकायला तुम्हाला उशीर झालेला नाही. व्यावसायिक नर्तिका होण्यासाठी मात्र झाला आहे. पण ते तुम्ही मागितलेलेच नाही, तेव्हा त्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

पत्रातील ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले, ते जिन्याचे वाक्य आहे. आठ वर्षे, आठवड्यातून दोनदा, एकेक तास बंद दाराबाहेर बसून तुम्ही त्रिताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, ऐकला आहे. सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठे येते, 'खाली' ही बिनटाळीची जागा नवव्या मात्रेला कशी रिकामी होते, तीनदा म्हटलेली तिहाई समेवर कशी येऊन पडते, हे तुम्हाला कोणी न शिकवता कळले आहे. म्हणजे तुमचा कान मध्यमा पूर्णच्या मुलीबरोबर बसलेला आहे आणि तुमचे पाय कालपरवा पहिल्यांदा जमिनीवर पडले आहेत. कान पुढे आणि पाय मागे, हीच तुमची खरी अडचण आहे. ज्याला काहीच कळत नाही, त्याला आपला पाय चुकल्याचेही कळत नाही. तुम्हाला मात्र चूक होताक्षणी ऐकू येते, आणि ती दुरुस्त करायला पाय अजून तयार नसतात. मोठ्या वयात शिकणाऱ्या बहुतेकांचे हेच होते, कारण त्यांना समजते लवकर आणि अंगात उतरते उशिरा. तुमच्या बाबतीत हे अंतर आठ वर्षांचे आहे, म्हणून ते जास्त टोचते.

त्या चिमुरडीचे म्हणणे खरे असणार. तत्काराचे, म्हणजे पायांच्या मूळ आघातांचे, बोल तुम्हाला पाठ आहेत: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चार मात्रांना उजवा, डावा, उजवा, डावा असे पाय पडतात. पाचव्या मात्रेला, म्हणजे 'आ'वर, पुन्हा डावाच पडतो आणि पाचवी ते आठवी मात्रा डावा, उजवा, डावा, उजवा अशा जातात. 'तत्' डाव्यावर आणि लगेच 'आ'सुद्धा डाव्यावर. जन्मभर चालताना एकाआड एक पाय टाकण्याची सवय झालेले शरीर तिथे आपोआप उजवा पाय पुढे करते, आणि मग आठव्या मात्रेपर्यंत सगळे उलटे होऊन बसते. मी स्वतः ५३व्या वर्षी कथक शिकायला गेले, तेव्हा पहिले पाच आठवडे माझा पाय नेमका याच जागी चुकत असे. एके दिवशी माझ्या बाईंनी मला तालाबाहेर, अगदी सावकाश, फक्त चौथी आणि पाचवी मात्रा करायला लावली: डावा, डावा, थांबा, डावा, डावा, थांबा. पंचवीसेक वेळा ते झाल्यावर पायाला वाट सापडली. तुम्हीही आज रात्री भिंतीला एक हात लावून एवढेच करून पाहा. नंतर आठव्या आणि नवव्या मात्रेचा उजवा, उजवा असाच स्वतंत्र करा. बाकी तत्कार मागाहून जोडता येतो.

त्या मुलीने तुमचा अपमान केला नाही, हेही मला मनापासून सांगायचे आहे. सात वर्षांची मुले चूक दिसली की चूक म्हणतात, आणि तिने तुम्हाला आपल्याबरोबरची विद्यार्थिनी मानले म्हणूनच तिने ते सांगितले. चूक त्या वर्गाची आहे. ४७ वर्षांच्या बाईला मुलींच्या मागे उभे करून सगळ्यांना एकच पाठ देणे ही सोय झाली, शिकवणे नव्हे. मुले अनुकरणाने शिकतात. त्यांना समोर पाय दिसला की तो तसाच उचलतात. मोठ्या माणसाला आधी सांगावे लागते की भार कोणत्या पायावर ठेवायचा आणि आघात टाचेने नव्हे तर पूर्ण तळव्याने का करायचा. तेव्हा कुठे त्याचे शरीर ऐकते. म्हणून मोठ्यांची वेगळी तुकडी असलेला वर्ग शोधा, नाहीतर एखाद्या बाईंकडे आठवड्यातून एकदा एकटीनेच शिका. पाचपाखाडीपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत ठाण्यात नृत्यवर्गांना तोटा नाही. तुम्हाला निवड करता येईल. नाव घालण्यापूर्वी एक तास नुसते बसून पाहण्याची परवानगी मागा. पाहताना मुख्य लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा: कोणाचा पाय चुकला की बाई काय करतात. ताल थांबवून तेवढीच जागा सोडवून घेत असतील, तर तिथे खुशाल जा. चुकणाऱ्याला मागच्या रांगेत धाडून पुढे जात असतील, तर नको. सहा महिन्यांची फी एकदम मागितली, तर एका महिन्याची भरते असे नम्रपणे सांगा.

नव्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगा की तुम्हाला बोल पाठ आहेत, आणि पढंतीपासून सुरुवात करू द्या अशी विनंती करा. हाताने टाळी-खाली दाखवत बोल म्हणणे हा कथकचाच भाग आहे, आणि तिथे तुम्ही पहिल्या दिवसापासून सरस असाल. पाय रखडत असताना एक तरी गोष्ट आपल्याला नीट येते हा आधार फार मोठा असतो. तो मला नव्हता, तुम्हाला आहे. ठाणे ते वाशी लोकलमध्ये रोज अर्धा तास जातो. त्या वेळात ओठांतल्या ओठांत पढंत करा आणि पर्सखाली बोटांवर मात्रा मोजा. आधी बराबर, म्हणजे मूळ लयीत, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत. ऐरोली येईपर्यंत नुसता ठेका धरा आणि तिथून पुढे बोल घ्या. कोणाला कळणारही नाही.

आता मुलीविषयी. इथे मी तिच्या बाजूने आहे, आणि तुम्हाला हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. १६व्या वर्षी स्वतःची म्हणावी अशी एकच जागा असते. तिच्यासाठी तो वर्ग म्हणजे जिथे ती कोणाची मुलगी नसते, ती जागा आहे. तिथे आई रांगेत येऊन उभी राहिली तर तिचे रियाज करणे, चुकणे, बाईंचे रागावणे हे सारे आईसमोर होणार. तिला तुमची लाज वाटते असा अर्थ तुम्ही काढला असेल, तर तो काढून टाका; 'तिथे नको' म्हणाली ती, 'नको' म्हणाली नाही. वर्ग तिचा तिला राहू द्या आणि तुमच्यासाठी दुसरा बघा. ते तिला आजच, स्पष्ट शब्दांत सांगा. शिवाय यापुढे जिन्यावर बसणे बंद करा. १६ वर्षांची मुलगी एकटी घरी येऊ शकते, आणि तो तास तुमच्या रियाजाला मिळेल.

यजमानांचा गुडघ्यांचा प्रश्न टाळू नका, त्यात काळजी आहे. त्याला खरे उत्तरही आहे. भरतनाट्यमची मूळ बैठक गुडघे वाकवून अर्धवट बसण्याची असते. कथक उभ्याने होते, त्यामुळे वाकलेल्या गुडघ्यांवरचा तो ताण त्यात कमी असतो. मात्र कथकमध्ये आघात पुष्कळ असतात, आणि काँक्रीटवर बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर रोज पाय आपटले तर टाचा, नडगी आणि कंबर बोलू लागतात. वर्गात लाकडी जमीन असेल तर उत्तम. नसेल तर जाड सतरंजी किंवा चटई आहे का ते पाहा. सुरुवातीला आघात हलका ठेवा, आवाजाच्या मागे लागू नका. गुडघे सरळ असू द्या, पण मागे ताणून आवळू नका. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या तर ती नवी मेहनत आहे, दोन दिवसांत उतरते. गुडघ्याच्या आत कळ आली, सूज आली किंवा जिना उतरताना दुखले, तर मात्र तत्कार बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रजोनिवृत्तीच्या आसपास हाडे विरळ होऊ लागतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी एकदा तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. आणि उभ्याने, अंगाचा भार पेलत केलेला व्यायाम हाडांना चांगला असतो हे डॉक्टर तुम्हाला आणि यजमानांना एकत्र सांगतील तर अधिक बरे. मधुमेह असेल तर अनवाणी नाचल्यावर रोज तळवे नीट पाहा, कारण तेव्हा छोटी जखम झालेली कळत नाही. चक्करांची, म्हणजे गिरक्यांची, घाई करू नका. ती टाचेवर घ्यायची असतात आणि नजर समोरच्या एका खुणेवर ठेवून मान शेवटी वळवायची असते, हे तुम्ही ऐकून जाणत असाल. पण वर्षभर तरी ती दिवसाला चार-पाचच पुरे.

सासूबाईंना भजनी मंडळाबद्दल उत्तर देऊ नका. त्यांना त्यांच्या मंगळागौरीबद्दल विचारा. श्रावणात साठी उलटलेल्या बायका रात्र रात्र झिम्मा, फुगडी, पिंगा घालतात आणि त्यांना कोणी वय विचारत नाही. माझा अनुभव असा आहे की हा विषय निघाला की सासवा स्वतःच पदर खोचून काहीतरी करून दाखवतात.

मोठ्या वयात सुरुवात केलेल्यांचा दाखला हवा असेल, तर भरतनाट्यमच्या नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा देता येतो. त्यांचा जन्म १९०४ सालचा, आणि भरतनाट्यम त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर सादर केले ते १९३५ च्या डिसेंबरात, म्हणजे ३१व्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापन केली. पण मला तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही: त्याआधी त्या थोडे बॅले शिकल्या होत्या आणि मोठमोठे गुरू त्यांना लाभले होते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा विचारही करू नका. लोक ज्या वयाला संपले म्हणत, त्या वयात एका बाईने पहिला आघात केला, एवढेच त्यातून घ्या.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथकच्या परीक्षा द्याव्यात का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण सहा महिन्यांनी विचाराल. पहिले वर्ष देऊ नका. प्रारंभिकचा, म्हणजे पहिल्या परीक्षेचा, अभ्यासक्रम मोठ्या माणसाला बुद्धीने पेलायला सोपा वाटतो, आणि मग तो उरकण्याची घाई होऊन पाय कच्चे राहतात. वर्षानंतर द्यायची असेल तर जरूर द्या, आठ-दहा वर्षांच्या मुलींबरोबर बसून द्या.

रोजच्या रियाजासाठी वीस मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर आवाज जातो, म्हणून त्यांना आधी भेटून वेळ विचारून घ्या. मी संध्याकाळी सहाची वेळ ठरवून घेतली होती आणि तीन वर्षांत एकदाही तक्रार आली नाही. सलवार-कुर्ता घालून ओढणी खांद्यावरून तिरकी आणून कमरेला घट्ट बांधा, म्हणजे हात मोकळे राहतात.

घुंगरू लगेच घेऊ नका. तत्कार दुगुनीत न चुकता आल्यावर बाई सांगतील तेव्हाच घ्या, आणि प्रत्येक पायाला पन्नासापासून सुरुवात करा. पट्टीवर शिवलेले घेऊ नका. सुटे घुंगरू आणि जाड सुती दोरी आणा. प्रत्येक घुंगराला गाठ मारत ते ओवावे लागतात. गाठ सैल राहिली तर ते घरंगळतात. ते काम तुम्हाला येणार नाही. तुमच्या मुलीने तिचे घुंगरू नक्कीच कधीतरी ओवले असतील. त्या दिवशी दोरी आणि शंभर घुंगरू तिच्यासमोर ठेवा आणि पहिली गाठ तिला मारायला सांगा.

तुमची,
ताई