आतली मेम्ब्रेन ‘बंद’ असते, मग वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियात पोटॅशियम जातं कसं?

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी घरं, त्यांना दोन मेम्ब्रेन, म्हणजे पातळ आवरणं असतात. बाहेरच्या मेम्ब्रेनचं सोडा, तिथे व्हीडॅक नावाचे पोरिन, म्हणजे भोकं असलेली प्रोटीन्स आहेत, आयन (भारित कण) आरामात ये-जा करतात. सगळी भानगड आतल्या मेम्ब्रेनची. ती ‘बंद’ असते, म्हणजे आयन सहज आत सोडत नाही, हे वाक्य वाचलं की माझं अजून डोकं फिरतं, कारण एमएस्सीला यावरूनच माझं आणि गाईड सरांचं वाजलं होतं.

अंधारात वाढवलेल्या वाटाण्याच्या पिवळट रोपांच्या खोडातून मायटोकॉन्ड्रिया काढलेले. सुक्रोजमध्ये ५४० नॅनोमीटरला ओडी (द्रावणाचा गढूळपणा, मायटोकॉन्ड्रिया फुगले की तो उतरतो) हलायला तयार नाही आणि तीच बॅच पोटॅशियम क्लोराईडमध्ये सक्सिनेट (मायटोकॉन्ड्रियाचं इंधन) देऊन ठेवली तर रेघ घसरायला लागली, म्हणजे पोटॅशियम आत, मागून पाणी आत, आणि मायटोकॉन्ड्रिया फुगतायत. सर लांबूनच बघून म्हणाले, ‘प्रेप (काढलेले मायटोकॉन्ड्रिया) खराब आहे, फेकून दे.’ अहो, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) टाकल्यावर घसरण मंदावली! फाटलेल्या पिशवीचं भोक एटीपीने बुजतं का? सायटोक्रोम सी हे दोन मेम्ब्रेनच्या मधलं प्रोटीन, बाहेरची मेम्ब्रेन फाटली की ते गळतं; बाहेरून ते घालूनही ऑक्सिजन घेण्याचा वेग वाढला नाही, म्हणजे बाहेरची मेम्ब्रेनही धड होती. एटीपीने बंद होणारं हे पोटॅशियम चॅनल (आयन जाण्याचा प्रोटीनचा दरवाजा) ड्युरम गव्हात १९९९ ला आणि वाटाण्यात २००१ ला छापून आलं होतं. दोन्ही पेपर सरांच्या टेबलावर ठेवले, त्यावर चहाचा कप ठेवला गेला.

तर तुमचं उत्तर: प्रोटॉन बाहेर पंप होतात, आत दीडशे मिलिव्होल्टच्या वर ऋण भार तयार होतो, तो पोटॅशियमला चॅनलमधून आत खेचतो. आत साठून फुटू नये म्हणून पोटॅशियम-प्रोटॉन एक्सचेंजर त्याला बाहेर काढतो, बदल्यात प्रोटॉन आत येतो. या फेऱ्यात पोटेन्शियल, म्हणजे तो विद्युतदाब, थोडं उतरतं आणि पेशीला घातक असा सुपरऑक्साईड कमी तयार होतो, दुष्काळात रोपाला तेच हवं असतं. 

अर्थात हे सगळं टेस्टट्यूबमधलं, पेशीत एटीपी आधीच असतं त्यामुळे चॅनल असं सताड उघडं नसतं, आणि नुसत्या फुगण्यावरून चॅनल सिद्ध होत नाही हेही खरं. पण कोणी ‘प्रेप खराब’ म्हणालं तर आधी सायटोक्रोम सी टेस्टचा ग्राफ पुढे करा, मग बोला. आणि दळतानाच्या बफरमध्ये बीएसए (फॅटी ॲसिड धरून ठेवणारं प्रोटीन) घाला, सगळं बर्फावर करा, नाहीतर फॅटी ॲसिड मेम्ब्रेनची वाट लावतील आणि सर उगाच बरोबर ठरतील.