चीनमधला 'हुंडा' आणि आपला विसरलेला शब्द, देज

प्रश्न असा आला आहे: "चीनमध्ये मुलाकडच्यांना लग्नात लाखोंचा हुंडा द्यावा लागतो, अशी बातमी मराठीत वाचली. हुंडा तर मुलीकडचे देतात. मग इथे कोणता शब्द हवा? आणि तिथे मुली नकोशा होत्या म्हणतात, तर मग त्यांच्यासाठी एवढे पैसे का मोजतात?"

बातमीतला शब्द चुकला आहे. मुलाकडून मुलीच्या बापाकडे जाणाऱ्या रकमेला मराठीत देज म्हणतात. वारली, कोकणा, भिल्ल अशा समाजांत हा शब्द अजून रोजच्या बोलण्यातला आहे. शहरी कानांना तो अनोळखी झाल्यामुळे इंग्रजीतून बातमी घेणाऱ्याचा हात आपसूक हुंड्याकडे जातो. हिंदीतल्या 'दहेज'शी मात्र त्याची गल्लत करू नये. उच्चार जवळचा असला तरी पैसा वाहण्याची दिशा नेमकी उलटी आहे. 'वधूमूल्य' हा अभ्यासकांचा शब्द. तो चुकीचा नाही, पण देज असताना त्याची गरज काय?

चिनी शब्द आहे त्साइली. त्यातलं पहिलं अक्षर आपल्या 'चाक', 'चटणी'मधल्या च सारखं, थोडा श्वास सोडून म्हणायचं. 'ली' म्हणजे विधी, रीत आणि रीतीने दिलेली भेटही. लग्नाच्या जुन्या सहा विधींत मुलीच्या घरी भेटी पोचवणं हा एक स्वतंत्र विधी होता. मुलगी माहेरून जे घेऊन येते ते ज्याज्वांग. त्याला मराठीत 'आंदण' इतका चपखल शब्द आहे. तीच गोष्ट माहेर-सासरची. चिनीत माहेर म्हणजे न्यांगज्या, शब्दशः आईचं घर, आणि सासर म्हणजे पोज्या, सासूचं घर. इंग्रजीच्या वाटेने गेलं की हे सगळे शब्द हातातून निसटतात. म्हणून माझा आग्रह आहे की चीनमधल्या घरादाराबद्दल लिहिताना आधी आपल्या आजीच्या बोलण्यात शब्द शोधावा.

देज किती, हे सांगायच्या तिथल्या तऱ्हा ऐकण्यासारख्या आहेत. 1970 च्या दशकात मागणी असे 'तीन फिरणाऱ्या, एक वाजणारी' अशी. म्हणजे घड्याळ, सायकल, शिवणयंत्र आणि रेडिओ. पुढे रोकड आली. काही भागांत 'तीन जीन, तीन ल्यांग' असं वजनच सांगू लागले. एक जीन म्हणजे अर्धा किलो आणि ल्यांग त्याचा दहावा भाग, तेव्हा 1,650 ग्रॅम भरतील इतक्या शंभर युआनच्या नोटा. आणखी एक मागणी 'दहा हजार जांभळ्या, हजार लाल आणि एक हिरवा पट्टा' अशी. यातले 'दहा हजार जांभळे, हजार लाल' हे मुळात वसंतातल्या फुलोऱ्याचं वर्णन करणारे शब्द. इथे जांभळी म्हणजे पाचची नोट, लाल म्हणजे शंभरची, हिरवी म्हणजे पन्नासची. हिशेब केला तर दीड लाख युआन, वर हिरव्यांचा गठ्ठा वेगळा. शेतकरी कुटुंबाला हे आयुष्याच्या कमाईचं ओझं आहे, शिवाय मुलाने घर बांधलेलं हवं ते निराळंच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. मुली नकोशा असणं आणि देज वाढणं यांत विरोध नाही. एकातूनच दुसरं आलं.

एक मूल धोरणाचं जाहीर पत्र कम्युनिस्ट पक्षाने 25 सप्टेंबर 1980 रोजी काढलं. खेड्यांत त्याला कडवा विरोध झाला, कारण म्हातारपणी सांभाळणारा मुलगा आणि वंश चालवणाराही मुलगाच. 1984 नंतर बहुतेक प्रांतांनी ग्रामीण जोडप्यांना सवलत दिली: पहिली मुलगी झाली तर काही वर्षांनी दुसऱ्यांदा संधी मिळेल, पहिला मुलगा झाला तर नाही. या नियमाला लोकांनी आणि लोकसंख्येच्या अभ्यासकांनी नाव दिलं 'ई हाय बान', म्हणजे दीड मूल. मला हा शब्द फार बोचतो. मुलगा पूर्ण एक आणि मुलगी अर्धी, हा हिशेब सरकारी नियमातच बसला. आणि 'मुलगा काय, मुलगी काय, सारखेच' ही घोषणाही त्याच सरकारने गावोगावच्या भिंतींवर रंगवली होती!

परिणाम आकड्यांत दिसतो. निसर्गतः 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. 2000 च्या जनगणनेत पहिल्या बाळंतपणात हे प्रमाण 107 होतं, दुसऱ्या बाळंतपणात 150 च्या वर. मधल्या काळात सोनोग्राफी गावापर्यंत पोचली होती. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा चीनचा कायदा 1994 चा, आपलाही केंद्रीय कायदा त्याच वर्षीचा, आणि दोन्हीकडे पळवाटा सापडल्या. 2016 पासून दोन मुलांना, 2021 मध्ये तीन मुलांना परवानगी मिळाली, पण जन्मू न दिलेल्या मुली परत कुठून येणार? 2020 च्या जनगणनेत बायकांपेक्षा पुरुष सुमारे 3 कोटी 49 लाखांनी जास्त निघाले.

लग्न न झालेल्या पुरुषाला तिथे 'ग्वांगगुन' म्हणतात, म्हणजे पानं-फांद्या नसलेली नुसती काठी. आपला 'सडाफटिंग' अर्थाने जवळचा आहे, पण त्यात मोकळेपणा आहे, ग्वांगगुनमध्ये वंश खुंटल्याची खंत आहे. 11 नोव्हेंबर हा दिवस चार एकांमुळे, चार काठ्यांमुळे, अविवाहितांचा दिवस झाला आणि पुढे ऑनलाइन खरेदीचा सण.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे ते 'झाओ' या क्रियापदाबद्दल. झाओ म्हणजे हाताने खुणावून बोलावणं. खेड्यांत मुलीचं नाव ठेवत झाओदी, म्हणजे 'धाकट्या भावाला बोलाव'. लाइदी, पानदी ही त्याच जातीची नावं: 'भाऊ येऊ दे', 'भावाची वाट पाहते'. आपल्याकडची नकुशी आठवते. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये 285 नकुशींना समारंभाने नवी नावं दिली गेली. नकुशी हे नाव मुलीला दूर ढकलतं, झाओदी तिला भावाच्या वाटेवर उभं करतं. अशा मुलीला घरात 'तोट्यातला माल' म्हणण्याची जुनी रीत होती. आता त्याच तोंडी वाक्प्रचार आहे की मुलगा म्हणजे 'बांधकाम बँक' आणि मुलगी म्हणजे 'झाओशांग बँक'. दोन्ही खऱ्या बँकांची नावं आहेत. झाओशांग म्हणजे व्यापारी-गुंतवणूकदारांना बोलावणं. मुलाच्या बापाने घर बांधायचं, मुलीच्या बापाकडे पैसा चालत यायचा.

म्हणजे झाओ तोच राहिला. आधी तिने भाऊ बोलवायचा होता, आता पैसा बोलवायचा. भाव वाढला म्हणजे मान वाढला असं जे सर्रास लिहिलं जातं, ते मला साफ अमान्य आहे. तोट्यातला माल काय आणि बँक काय, दोन्ही शब्द वहीखात्यातले. शिवाय बहिणीचं आलेलं देज पुष्कळ घरांत भावाच्या लग्नात खर्ची पडतं. गरीब घरं तर पैशाचा व्यवहारच टाळून मुलींची अदलाबदल करत. त्याला चिनीत ह्वानछीन म्हणतात. मराठीत? साटंलोटं. आज आपण तो शब्द राजकारण्यांसाठी वापरतो, पण मुळात तो याच लग्नाचा.

लग्नाच्या निमित्ताने पैसे उकळायला चीनच्या 1950 च्या विवाह कायद्यातच मनाई होती. तरी त्साइली चालू राहिलं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1 फेब्रुवारी 2024 पासून लागू असलेला खुलासा काढला. सणावाराच्या, वाढदिवसाच्या किरकोळ भेटी त्साइलीत धरायच्या नाहीत. संसार थोडेच दिवस टिकला आणि रक्कम अवाच्या सवा असली, तर काही भाग परत मागता येतो. आणि ठरलेलं लग्न मोडल्याच्या खटल्यात मुलगा-मुलीबरोबर देणाऱ्या-घेणाऱ्या आईबापांनाही पक्षकार करता येतं, घटस्फोटाच्या खटल्यात मात्र पक्षकार नवरा-बायकोच.

तेव्हा बातमीत 'देज' लिहावं, पहिल्यांदा येईल तिथे 'मुलीच्या घरी द्यायची रक्कम' एवढा खुलासा जोडावा. मुलीकडून आलेल्या वस्तूंना आंदण. आणि 'चीनमधला हुंडा' हा मथळा मात्र कुणी छापू नये, कारण तो वाचून तिथला नवरदेव पैसे घेतो आहे असाच अर्थ मराठी माणूस लावणार.