पानाच्या रोगप्रतिकारावर पीएचडी: अरॅबिडॉप्सिस घ्यावं की द्राक्ष?

एमएस्सी झाली आहे, पान रोगजंतूंना कसं तोंड देतं यावर पीएचडी करायची आहे, तर अरॅबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातलं छोटं रोप, प्रयोगशाळांचं नेहमीचं नमुना-रोप) निवडू की द्राक्ष, असं तुम्ही विचारलंय. माझं मत द्राक्ष आणि त्यावरचा केवडा हा रोग. मात्र अरॅबिडॉप्सिसवरचं काम नीट वाचल्याशिवाय त्यात उतरू नका.

2006 साली मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या शेंग यांग हे यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसवर दाखवलं, की स्युडोमोनास जिवाणू पानावर आले की पर्णरंध्रं तास-दोन तासांत मिटतात. जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा जेमतेम 22 अमिनो आम्लांचा तुकडाही पान ओळखतं. पण हा जिवाणू कोरोनाटिन नावाचं विष सोडतो आणि तीनेक तासांत तीच रंध्रं पुन्हा उघडवतो. सगळा खेळ वेळेचा आहे. पान कोणती जनुकं चालू करतं याइतकंच ती कधी चालू करतं हे महत्त्वाचं, आणि तुमचा प्रबंध या 'कधी'वर उभा राहावा असं मला मनापासून वाटतं.

आता केवडा, म्हणजे डाऊनी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की नाशिक-सांगलीचा बागायतदार ज्याच्या धास्तीने फवारणीला पळतो तोच. याला बुरशी म्हणायची सवय असली तरी हा ऊमायसीट आहे, खऱ्या बुरशांपेक्षा तपकिरी शैवालांच्या जवळचा. भुरी हा द्राक्षाचा दुसरा रोग, तो पानाच्या पृष्ठभागावरून थेट पेशीत घुसतो. केवड्याचे झूस्पोर, म्हणजे पोहणारे बीजाणू, मात्र पाण्याच्या थेंबात पोहत पर्णरंध्र गाठतात. द्राक्षाच्या पानाला रंध्रं खालच्या बाजूला असतात, म्हणून लागणही तिथूनच होते.

पहिल्या दिवशीच हे करून बघा: शेंड्याकडून चौथ्या-पाचव्या पानाच्या चकत्या कापा, खालची बाजू वर करून ओल्या फिल्टर पेपरवर ठेवा आणि प्रत्येकीवर स्पोरँजियाच्या (ज्यांतून झूस्पोर बाहेर पडतात त्या पिशव्यांच्या) द्रावणाचा थेंब सोडा. काही तासांनी चकती ॲनिलिन ब्लूने रंगवून अतिनील प्रकाशात पाहिली तर रंध्राभोवती जमलेले स्पोर चमकताना दिसतात. थॉम्पसन या रोगाला बळी पडणाऱ्या जातीच्या चकतीवर पाच-सात दिवसांत पांढरी लव येते. रोगप्रतिकारक जातीत दोन-तीन दिवसांतच टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके पडतात: तिथल्या पेशींनी मरण पत्करून रोगाची वाट अडवलेली असते. पानाचं वय मात्र सांभाळा. कोवळं आणि जून पान वेगळं वागतं, आणि एकाच तुलनेत दोन्ही मिसळली तर आकडे निरर्थक ठरतात.

बहुतेक विद्यार्थी इथून थेट आरएनए सीक्वेन्सिंगकडे (कोणती जनुकं चालू आहेत हे एकदम मोजण्याकडे) धावतात आणि प्रबंधात शेकडो जनुकांची यादी उरते. आधी सूक्ष्मदर्शकाखाली ठरवा की तुमच्या जातीत रोग नेमका कोणत्या तासाला अडतो. नमुने त्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर घ्या. सॅलिसिलिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड, कॅलोज ही पानाची बचावाची द्रव्यं, सगळं त्या वेळापत्रकावर मोजा.

तुलनेसाठी पुण्याच्या आघारकर संस्थेची एआरआय-516 ही जात बघण्यासारखी आहे. ती अमेरिकन कॅटावबा आणि आपल्याकडच्या द्राक्षाच्या कुळातली ब्यूटी यांच्या संकरातून आली आहे. युरोपात आरपीव्ही-3 या प्रतिकारक जनुकावर मात करणारे केवड्याचे प्रकार सापडले आहेत, म्हणजे एकाच जनुकाच्या भरवशावर राहणं धोक्याचं. आपल्याकडच्या बागांसाठी हा प्रश्न मोलाचा आहे.

अडचणही सांगतो. केवडा प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमाच्या प्लेटवर वाढत नाही, त्याला जिवंत पानच लागतं. म्हणजे रोप, ओल, काळोख आणि ताजी पानं यांची सोय वर्षभर चालू ठेवावी लागते, दिवाळीच्या सुट्टीतही. तेव्हा गाइडला भेटाल तेव्हा फेलोशिपच्याही आधी विचारा, की त्यांच्याकडे केवड्याचं कल्चर, म्हणजे पानांवर जिवंत राखलेला साठा, आहे का, ते कोण सांभाळतं, आणि ते एका स्पोरँजियमपासून वाढवलेलं आहे की बागेतून आणलेलं मिश्रण. काय उत्तर मिळतं ते कळवा, मग टाइम-पॉइंट कोणते घ्यायचे ते बोलू.