सुरकुत्या सोडा, रात्रीत वाळतो का ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे: मे महिन्यात दहा दिवस पाठीवर एकच सॅक घेऊन बदामी, हंपी, गोकर्ण करायचंय. जीन्स नको, ड्रेसच हवेत. तर सुरकुत्या न पडणारे, सॅकमध्ये कमी जागा घेणारे ड्रेस कोणते, किती घ्यायचे आणि मुंबईत कुठे मिळतील?

सुरकुत्यांचा विषय आधी संपवते. ज्याला सुरकुती पडतच नाही असं दुकानात सांगतात ते कापड बहुतेक वेळा पॉलिस्टर असतं, क्रेप म्हणा नाहीतर जॉर्जेट. कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या आठेक टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे घाम कापडात जात नाही, पाठीवर राहतो आणि त्यावर वर आठ किलोची सॅक. दोन दिवसांत घामोळं उठतं. फोटोत ड्रेस कडक इस्त्रीचा दिसेल, पण तुम्ही लॉजवर पाठीला बर्फ लावत बसाल. बदामीच्या उन्हात तुमच्या सुरकुत्या बघायला कोणी आलेलं नसतं.

गोकर्ण सोडलं तर हाच रस्ता मी आणि माझ्या ताईने २०१७ च्या मे महिन्यात केला. त्या प्रवासातल्या एका ड्रेसवरून आमच्या घरात अजून बोललं जातं, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची आणि उन्हाळाभर फुल व्हॉयलची सुती साडी नेसायची. गिरगावातून निघून दुपारी भर उन्हात परत यायची, तरी तिची साडी अंगाला चिकटलेली मला आठवत नाही. फुल व्हॉयलच्या सुताला पीळ जास्त असतो. कापड झिरझिरीत असूनही जरा ताठ राहतं, अंग आणि कापड यांच्यामध्ये वारा खेळतो. तिच्या कपाटात अशा सात साड्या होत्या. त्यातली एक मी ड्रेससाठी काढली. निळी, पांढऱ्या बारीक बुट्ट्यांची, दोन बोटं काठाची.

आमचे टेलरकाका कात्री लावायला तयार नव्हते. दोनदा विचारलं त्यांनी, नक्की ना म्हणून. मी साडी आडवी धरायला लावली. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, पंचेचाळीस इंच, माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे खांद्यापासून बरोबर पोटरीच्या मध्यापर्यंत आलं. काठ खाली आला, तिथे दुमड मारावीच लागली नाही. छातीखाली चुण्या, कोपरापर्यंत सैल बाह्या, पुढे बटणं. अडीच मीटरमध्ये सगळं झालं, अर्धी साडी उरली. घरच्या काट्यावर वजन केलं तर एकशे नव्वद ग्रॅम. ताईची एक जीन्स सहाशे चाळीस ग्रॅम भरली, ती प्रवासातून परत आल्यावर मी मुद्दाम मोजली.

ताईला हे कळलं ते गाडीत. सोलापूर, विजापूरवरून गदगला जाणारी रात्रीची गाडी. सकाळी मी तो ड्रेस घालून बाथरूममधून बाहेर आले, तिने काठाला हात लावला.

"ही आईची आहे ना?"

"हो."

"कापलीस?"

त्यानंतर विजापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आणि हा फ्रॉक घालून तू चार लोकांत फिरणार? फिरायला जाताना शहाण्या बायका पँट घालतात." ताईकडे दोन जीन्स आणि चार क्रेपच्या कुर्त्या होत्या. सुरकुती पडत नाही म्हणून घेतलेल्या.

बदामीला आम्ही दोन रात्री राहिलो. चार लेणी, त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, खाली अगस्त्य तीर्थ. सकाळी नऊलाच दगड तापतो. तिथला वालुकाश्म लाल आहे, त्याची धूळ काठाला बसते, म्हणून पांढरा किंवा मोतिया रंग नेऊच नका. तळ्याच्या पायऱ्यांवर गावातल्या बायका धुणं धूत होत्या, उन्हात दगडांवर साड्या पसरलेल्या. त्या साड्यांकडे बघूनच मी त्या दिवशी दुपारी लॉजवर ड्रेस धुतला. गच्चीवर टाकला आणि जेवून आले तर वाळला होता. तासभरही झाला नव्हता. त्याच दोरीवर ताईची जीन्स होती. संध्याकाळीही कमरेची पट्टी आणि खिशांची अस्तरं ओली होती, दुसऱ्या दिवशी ती तशीच ओलसर घडी करून सॅकमध्ये गेली आणि तिचा कुबट वास ताईच्या सगळ्या कपड्यांना लागला. क्रेपच्या कुर्त्या झटपट वाळल्या, हे मान्य. पण दुसऱ्या रात्री तिची पाठ लाल झाली होती आणि कॅलामाइन मी लावून देत होते.

सॅक पाठीवर असताना ड्रेसचं काय होतं, हे दुकानात आरशासमोर कळत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. पाठीला चेन असलेला ड्रेस घेऊ नका, ती बरोबर मणक्यावर दाबते. कमरेला नाडी किंवा मागे गाठ असेल तर सॅकचा कंबरपट्टा त्या गाठीवर बसतो आणि दोन तासांत तिथे वळ उठतो. म्हणून शिवण छातीखाली हवी किंवा अजिबात नको. बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये पट्टे थेट कातडीवर घासतात. निदान खांदा झाकेल एवढी बाही हवीच. खिसे कंबरपट्ट्याच्या खाली येतील असे शिवून घ्या, नाहीतर मोबाइल काढायला दरवेळी पट्टा सोडावा लागतो. घेर पुरेसा नसेल तर एसटीची पहिली पायरी चढताना गुडघ्यात अडतं. एकदा सॅकसकट खुर्चीवर चढून बघा, लगेच कळेल.

आणि जे कोणी लिहीत नाही ते. ड्रेसमध्ये चालताना मांड्या घासतात. सडपातळ बायकांच्याही घासतात. आतून गुडघ्याच्या वर येणारी पातळ होजियरी स्लॅक्स घाला, तशा दोन न्या. झिरझिरीत कापड म्हणून अस्तर लावून घेण्याच्या फंदात पडू नका. अस्तर लावलं की वाळायला दुप्पट वेळ. त्यापेक्षा एक सुटी सुती स्लिप सगळ्या ड्रेसच्या आत चालते.

आता हंपी. तिथे माझ्याकडे दुसराही निळा ड्रेस होता. दादरला विकत घेतलेला, दुकानदाराने "प्युअर कॉटन" म्हणून दिलेला. हाताला मऊ, झुळझुळीत, घडी छान बसते. तुंगभद्रेत गोल टोपलीसारख्या होड्या असतात, त्यात बसून आम्ही नदी ओलांडली आणि उतरताना माझा हा विकतचा ड्रेस कमरेपर्यंत ओला झाला. तो ड्रेस ओला झाल्यावर काय जड झाला! पाण्याच्या वजनाने चार बोटं लांबला आणि पायात यायला लागला. लॉजवर येऊन मी दोन्ही निळे ड्रेस एकाच बादलीत धुतले. हा पिळताना टर्रकन आवाज आला, काखेपासून कमरेपर्यंत. शिवण उसवली असती तर सुई-दोरा होता, पण कापडच गेलं.

तो कॉटन नव्हताच, रेयॉन होता. सुती धागा ओला झाला की आणखी मजबूत होतो, रेयॉनचं उलट आहे, ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. ओला रेयॉन पिळायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

ताईने बाहेरून आवाज ऐकला. आत आली, बादलीत निळं फाटलेलं कापड बघितलं आणि मटकन कॉटवर बसली. ती आईच्या आजारपणातसुद्धा माझ्यासमोर रडली नव्हती. मी दुसरा ड्रेस काढून दाखवला, काठ दाखवला, बुट्ट्या दाखवल्या. तिने मान हलवली. मला वाटलं, विषय मिटला.

मिटला नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत मामाकडे ती सहज म्हणाली, "आईची निळी साडी हिने फ्रॉक करून हंपीत फाडली." मग मामेबहिणीच्या लग्नात. मग मावशीच्या पंचाहत्तरीला, मावशी माझ्याकडे बघून नुसती "अगं" म्हणाली. मी प्रत्येक वेळी सांगितलं, पण पंगतीत बसलेल्या माणसांना रेयॉन आणि व्हॉयलमधला फरक कोण ऐकवणार? म्हणून इथे लिहून ठेवते. फाटला तो विकतचा रेयॉनचा. आईच्या साडीचा ड्रेस त्यानंतर महेश्वरला आला, तारकर्लीला आला, गेल्या मे महिन्यात गोकर्णला आला. दोन बटणं बदलली आणि काखेत एकदा टीप मारली, बाकी तो जसाच्या तसा आहे. ड्रेस प्रवासात टिकत नाहीत हे ताईचं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. कापड न बघता घेतलेला ड्रेस टिकत नाही.

तर कापड कसं बघायचं. आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढा. जाळलात आणि वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर आहे. कागदासारखा जळून राख झाली तर सुती किंवा रेयॉन, यात जाळून फरक कळत नाही. मग दुसरा धागा घ्या, मधोमध जिभेने ओला करा आणि दोन्ही टोकांनी ओढा. ओल्या जागीच पटकन तुटला तर रेयॉन. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. तिथे करायची लाज वाटली तर घरी येऊन करा आणि परत द्यायला जा.

मुंबईत तयार ड्रेस शोधत हिंडण्यापेक्षा मी कापड घेऊन शिवून घ्या असंच सांगेन. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये मलमल, व्हॉयल, केंब्रिक अशी सुती कापडं मीटरवर मिळतात, दादरला राहत असाल तर हिंदमाता जवळ आहे. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं तीन मीटर पुरतं. बारीक छापाचं, गडद घ्या, त्यात डाग आणि चुरगळ दोन्ही लपतात. शिवायला टाकण्याआधी कापड पाण्यातून काढून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात दोन इंच वर जाईल. फॅशन स्ट्रीटचे तयार ड्रेस स्वस्त असतात, पण मी तिथे चाळले त्यातले बरेचसे रेयॉनचेच निघाले. लिनन मला आवडतं, वाळतंही लवकर, पण प्रवासासाठी महाग पडतं.

किती? दहा दिवसांना तीन. चौथा घेतलात तर तो घडी न मोडता परत येईल. सॅकमध्ये घडी करू नका, गुंडाळी करा. व्हॉयलचा ड्रेस ओला असतानाच हलका पीळ देऊन दोरीवर टाकला तर उभ्या बारीक चुण्या पडतात आणि तो तसाच घालता येतो. तुमचा सुरकुत्यांचा प्रश्नही यात निघून जातो. बरोबर एक सुती ओढणी, पाच मीटर दोरी आणि डझनभर मोठ्या सेफ्टी पिना न्या. बदामीत माकडं आहेत, चिमट्यांचा काही उपयोग नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी तासाभरात वाळतो म्हटलं ते बदामीच्या कोरड्या उन्हात. गोकर्णला समुद्राची दमट हवा, तिथे पंख्याखाली रात्र लागते. धुतल्यावर ड्रेस टॉवेलमध्ये गुंडाळून वर उभं राहायचं, निम्मं पाणी टॉवेलमध्ये जातं. निघण्याआधी घरीच रात्री एक ड्रेस धुऊन गॅलरीत टाकून बघा. मुंबईच्या मे महिन्यात सकाळपर्यंत वाळला तर पुढे चिंता नाही. गोकर्णच्या महाबळेश्वर मंदिरात पोशाखाचे नियम आहेत, गुडघ्यावरचा ड्रेस त्या दिवशी घालू नका. आणि रानातून, काट्याकुट्यातून वाट असेल तर पँटच हवी, तिथे ताई बरोबर आहे.

जुन्या साडीचा ड्रेस करायचा असेल तर आधी साडी उजेडात धरून पदराशी आणि निऱ्यांच्या जागी दोन्ही हातांनी ताणून बघा. सूत विरलं असेल तर शिवण धरणार नाही. चांगली असेल तर तिच्यासारखं कापड बाजारात मिळत नाही, तिचं आटायचं ते आटून झालेलं असतं, रंग जायचा तो गेलेला असतो.

फक्त कात्री लावायच्या आधी बहिणीला विचारा. मी ताईला विचारलं नव्हतं.