करूळ घाटात पोट ढवळतं, मग हेलिकॉप्टरमध्ये काय होईल?

प्रश्न : वय ६१. मुलानं केदारनाथसाठी फाटा नावाच्या गावाहून हेलिकॉप्टरचं तिकीट काढलंय. मला एसटीतून गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरतानासुद्धा उलटी होते. जाऊ की नको?
– एक वाचक, रंकाळा परिसर, कोल्हापूर

उत्तर : जावा की हो ताई! मीही अशीच घाबरत गेले होते. घाटात वळणं पोट ढवळतात. इथं वळणं कमी आणि उड्डाण जेमतेम आठ-दहा मिनिटांचं. माझी भीती तर वजनकाट्यावरच संपली. तिथं सगळ्यांसमोर वजन करतात आणि त्यावरून जागा ठरवतात, तोल राहावा म्हणून. तांबड्या-पांढऱ्याचा हिशेब असा चारचौघांत निघाला! खिडकी मिळाली नाही तर रुसू नका.

वर उठताना पोटात गोळा येतो, मग खाली मंदाकिनी नदी दोऱ्यासारखी दिसते आणि दोन्ही बाजूंना डोंगराच्या भिंती. मी जप विसरले.

पदर खोचून घ्या, स्कार्फ बॅगेत ठेवा. कर्मचारी सांगेल त्याच बाजूनं वाका नि चढा. शेपटीकडच्या पंख्याकडे अजिबात फिरकायचं नाही. सकाळचीच फेरी घ्या, दुपारी ढग दरी भरून टाकतात. ढग आले तर उड्डाण रद्द होतं, म्हणून एक दिवस हाताशी ठेवा.

खरी काळजी उतरल्यावर. केदारनाथ सुमारे ३,५८३ मीटरवर, म्हणजे आपल्या जोतिबाच्या तिपटीहून उंच. चालत जाणाऱ्याला सवय होते, आपण दहा मिनिटांत पोचतो. दमानं चाला. बीपी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सकाळी मिसळ नको, दोन बिस्किटं पुरेत.