इन्स्टाग्राम उघडं करायचं का?

प्रश्न : पोरीला अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळाला. केळीचे पैसे फीसाठी ठेवलेत. व्हिसासाठी इन्स्टाग्राम उघडं करा म्हणतात. जुन्या पोस्टी पुसू का? – एक वडील, रावेर

उत्तर : दादा, पुसापुशी नको. जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसावाल्यांना खाती ‘पब्लिक’ करायला सांगितलंय. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात (डीएस-160) मागच्या 5 वर्षांतली सगळी खाती लिहा, विसरलेलं फेसबुकही. लपवलं तर हा व्हिसा जाऊ शकतो, पुढचेही अडू शकतात.

त्याच वर्षी मे अखेरीस व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखाच थांबल्या होत्या. भुसावळची माझी भाची रात्री 2 वाजता उठून तारीख शोधायची. पोरीचा काय दोष? मला अजून सलतं.

फोटो परक्यांपुढे जाण्याची भीती खरी आहे. घराचा पत्ता, फोन नंबर तेवढे काढा. आणि केळीचे पैसे भरण्याआधी विद्यापीठाला विचारा : व्हिसा लांबला तर प्रवेश पुढच्या सत्रात मिळेल का, फी परत होईल का. उत्तर लेखी घ्या.