गणितात डिग्री करतोय पण आपल्याकडे गणिताचं डोकंच नाही असं वाटतं, काय करू?

तू लिहिलंयस की शाळेत गणितात कायम पैकीच्या पैकी मिळायचे, आता दुसऱ्या वर्षाला रिअल अ‍ॅनालिसिसच्या (कॅल्क्युलसचे नियम काटेकोरपणे सिद्ध करणारा विषय) लेक्चरला बसलं की दहाव्या मिनिटाला धागा सुटतो, शेजारचा मुलगा मात्र सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देतो, मग माझ्यात मुळात ते उपजत काहीतरी नाहीच का. (मी वयाने बराच मोठा आहे म्हणून "तू" म्हणतोय, राग मानू नकोस.)

उपजत वगैरे काही नसतं, सगळी मेहनत, असं मी सांगणार नाही, कारण मला ते खरं वाटत नाही. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला दहा मिनिटांत जे दिसायचं ते मला दोन दिवसांनी दिसायचं, आणि ती माझ्याहून जास्त अभ्यास करायची म्हणावं तर तसंही नव्हतं. फरक असतो. पण लेक्चर चालू असताना कळलं की नाही यावरून तो मोजता येत नाही, आणि तू नेमका तिथेच मोजतोयस. शेजारच्याचं म्हणशील तर त्याला एकदा सरळ विचार की हे तू आधी कुठे वाचलंयस का, बऱ्याचदा उत्तर हो असतं.

माझी गाडी अडली होती पॉइंटवाइज आणि युनिफॉर्म कन्व्हर्जन्सवर, म्हणजे फंक्शन्सची रांग एका फंक्शनकडे सरकत जाते त्याच्या दोन प्रकारांवर. दोन्ही व्याख्या पाठ, दोन्हीत शब्द जवळजवळ तेच, फक्त "प्रत्येक एक्ससाठी" हे आधी येतं की एन (रांगेत किती पुढे जायचं तो आकडा) निवडून झाल्यावर येतं एवढाच काय तो फरक, आणि मला कळेना की एवढ्याशा गोष्टीने काय बिघडतं. परीक्षेत मी व्याख्या सुबक अक्षरात लिहिली आणि खाली "म्हणून सिद्ध झालं" असं ठोकून दिलं. शून्य मिळाला. विषय बदलायचा फॉर्मसुद्धा आणला होता मी, भरला नाही कारण तोवर शेवटची तारीख उलटून गेली होती, तेव्हा माझ्या जिद्दीबिद्दीची गोष्ट यात शोधू नकोस.

मग एकदा कंटाळून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. फंक्शन साधंच, एक्सचा एन-वा घात, शून्य ते एकच्या मधे. ०.९ चा १०० वा घात काढला, जवळपास शून्य. छान. ०.९९ चा १०० वा घात काढला तर तो अजून ०.३६ वर ठाण मांडून. बरं, एन वाढवून १००० केला, ०.९९ बिचारा शून्याजवळ गेला, पण आता ०.९९९ म्हणतो मी ०.३६ च्या आसपासच आहे. म्हणजे एकेक एक्स सुटा घेतला तर शेवटी सगळे शून्याकडे जातातच, पण सगळ्यांना एकदम पुरेल असा एकच एन मिळतच नाही, कितीही मोठा घेतला तरी एकच्या जवळ कुणीतरी मागे राहतोच! ते "आधी की नंतर" म्हणजे हे होतं. तीन आठवडे घोकून जे झालं नाही ते पाच-सात आकडेमोडीत झालं.

पुढे कधीतरी इतिहास वाचताना कळलं की फ्रेंच गणिती कोशी, म्हणजे ज्याच्या नावाने अर्ध्या थिअरम आहेत तोच, त्याने १८२१ साली प्रूफसकट छापलं होतं की कंटिन्युअस (आलेख कुठे तुटत नाही अशा) फंक्शन्सची सीरीज, म्हणजे न संपणारी बेरीज, कन्व्हर्ज झाली की बेरीजही कंटिन्युअसच येते. १८२६ मध्ये आबेल या नॉर्वेच्या गणितीने साइनची एक सीरीज दाखवली जिथे हे चालत नाही. आणि नक्की काय कमी पडतंय (हीच ती युनिफॉर्मची अट) ते स्टोक्स आणि सायडल या दोघा गणितींनी आपापल्या वाटेने उकललं तोवर १८४७-४८ साल उजाडलं होतं. वीसेक वर्षं! आणि आपल्याला ते एका लेक्चरमध्ये फळ्यावर मिळतं, वर "हे तर उघडच आहे" असं ऐकवून.

म्हणून माझं म्हणणं असं की डोकं आहे की नाही हा प्रश्न सध्या बाजूला ठेव, तू प्रूफ वाचतोस कसं ते बघ. शाळेत आपण वाचून समजलं की पुढे जायचो, इथे तसं वाचून काही हाती लागत नाही. मी करायचो ते असं, थिअरममधली एक अट मुद्दाम काढून टाकायची आणि प्रूफ कुठल्या ओळीला कोसळतं ते शोधायचं. बंद (दोन्ही टोकं धरून) आणि बाउंडेड (मर्यादेत राहणाऱ्या) इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं, हे घे. "बंद" काढून टाक, आता शून्य आणि एकच्या मधे एक भागिले एक्स बघ, शून्याजवळ ते आभाळाला जातं. आता प्रूफमध्ये परत जा. तिथे एक सीक्वेन्स (आकड्यांची रांग) घेतात, तिच्यातून कन्व्हर्ज होणारी, म्हणजे एका आकड्याकडे (लिमिटकडे) सरकणारी, सबसीक्वेन्स काढतात आणि म्हणतात की तिची लिमिट इंटरव्हलमध्येच आहे, ओपन इंटरव्हलला नेमकं तेच मोडतं, लिमिट शून्य येते आणि शून्य तर इंटरव्हलच्या बाहेर. ती एक ओळ सापडली की प्रूफ पाठ करावं लागत नाही, आपोआप लिहिता येतं. अर्थात वेळ खूप जातो, एका पानाला एक संध्याकाळ सहज, आणि सुरुवातीला वाटतं की आपण मंद आहोत म्हणून एवढा वेळ लागतोय.

मिर्झाखानी या इराणी गणितज्ञ बाईचं उदाहरण तुला कुणीतरी देईलच, शाळेत मधे गणितात मागे पडली होती आणि २०१४ ला फील्ड्स मेडल (गणितातलं नोबेलच म्हण) मिळवणारी पहिली बाई झाली वगैरे. खरं आहे ते, पण मला त्याने कधी धीर आला नाही, कारण मी काही मिर्झाखानी नव्हतो. मी एमएससी केलं, मार्क्स बरे पडले, रिसर्च केला नाही, आता शिकवतो. अजूनही हळूच आहे.

आणि नुसतं "अ‍ॅनालिसिस कळत नाही" यावरून कुणाला काही सांगता येत नाही रे. कुठलं थिअरम, कुठल्या ओळीपर्यंत पटलं आणि कुठल्या ओळीला अडलं ते लिही, मी बघतो. दोन दिवस लागतील.